घरकुलात खुराड्याला जागा नाही

पावसाळ्याच्या तोंडावर कार्यकर्त्यांसोबत एका खेड्यातील बौद्ध वस्तीत जाण्याचा योग आला. निमित्त होते रमाई आवास योजनेतील घरकुलांच्या रखडलेल्या हप्त्यांचे. कुणाचा जोत्यापर्यंतचा हप्ता अडकला होता, कुणाचा छतापर्यंतचा. कागद गोळा करणे, अर्ज लिहिणे सुरू होते. तेवढ्यात ज्यांचे घरकुल पूर्ण झाले होते अशा एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बाबा, घर लई बेस झालं. पर माझ्या कोंबड्या कुटं कोंडू ते सांग." सगळे हसले. त्यांचा मुलगा ओशाळून म्हणाला, "आई, आता कशाला पाळती कोंबड्या? सोड की." हसणाऱ्यांत मीही होतो.

परतीच्या वाटेवर मात्र ते हसू घशात अडकले. घरकुल २६९ चौरस फुटांचे, म्हणजे २५ चौरस मीटरचे. त्यात स्वयंपाकाची जागा आहे, झोपायची आहे. ज्यांच्या जुन्या कुडाच्या घराला मागे दोन हात परस होते, त्यांनी ते परसही घरकुलाच्या मापात घातले, कारण मंजूर माप बसवायला गावठाणात दुसरी जागाच नव्हती. पूर्वी त्या परसात दगड-मातीचे खुराडे होते, वर पाचटाचे छप्पर, रात्री तोंडाला फरशी. आता भिंतीला भिंत लागली. आजींच्या सात कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली, नव्या घराच्या दारात, सिमेंटच्या पायरीवर. आराखडा काढणाऱ्या इंजिनिअरला खुराडे आठवले नाही हे समजू शकते. पण आम्हा कार्यकर्त्यांनाही आठवू नये?

आपल्या चळवळीच्या अजेंड्यावर आरक्षण आहे, अनुशेष आहे, शिष्यवृत्ती आहे, अॅट्रॉसिटी आहे. ते असलेच पाहिजे. पण कोंबडी हा विषय आला की आपला सुशिक्षित कार्यकर्ता नाक मुरडतो. त्याला वाटते, ही मागासलेपणाची खूण आहे. बाप ढोल वाजवायचा तो सोडला, मेलेले ढोर ओढायचे सोडले, तशीच ही कोंबडीही सोडावी. इथे काहीतरी मोठा घोटाळा होतो आहे असे मला वाटते. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, असे बाबासाहेबांनी मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत सांगितले, कारण ते दुसऱ्याने टाकलेले होते आणि गावकीच्या गुलामगिरीशी बांधलेले होते. परसातली कोंबडी कुणी टाकलेली नसते. ती आपल्या बाईने आपल्या कष्टाने वाढवलेली, तिच्या मालकीची असते.

मालकी हा शब्द मुद्दाम वापरला. आपल्या खेड्यातील बाईच्या मालकीचे काय असते याची एकदा यादी करून पाहावी. सातबारा बहुतेकींच्या नावावर नाही. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, वतनी जमिनी काही अटींवर परत मिळाल्या, पण त्यांतल्या अनेक दांडग्यांच्या घशात गेल्या. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले, त्यातून गायरानाचे तुकडे कसायला मिळाले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय झाला, तरी किती जणांच्या हाती कागद पडला ते मराठवाड्यातल्या कुठल्याही गायरानधारकाला विचारा. आणि जिथे कागद मिळाला तिथेही बहुधा नाव पुरुषाचे. घर नवऱ्याचे, मजुरी कधी नवऱ्याच्या खिशात, कधी उचलीत वळती. उरते काय? शेळी असली तर शेळी, नाहीतर कोंबडी. कोंबडीला सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही, बँकेच्या साहेबापुढे उभे राहावे लागत नाही. पोराला ताप आला की बाई ती डालग्याखालून काढते आणि बाजारात नेते. नवऱ्याला विचारावे लागत नाही. आपल्यातल्या किती शिकलेल्या लोकांच्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे अशा एखाद्या तलंगीतून आले असतील, त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

गावरान कोंबडीचे गणित साधे आहे. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तीन-चार वेतांत. एक वेत संपले की खुडूक होते. मग तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. त्यातली घार नेते, मुंगूस नेते, बोका नेतो. निम्मी मोठी झाली तरी बाई समाधानी असते. खाद्य म्हणजे भाताचा कोंडा, ज्वारीची कणी, उरलेली भाकरी आणि उकिरड्यातले किडे. वस्तीत आणखी एक रीत असते. एकीची कोंबडी खुडूक, दुसरीची अंडी. ती अंडी हिच्या कोंबडीखाली ठेवायची आणि निघालेली पिल्ले निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. यासाठी ना पतसंस्था लागते ना ठराव. कोंबड्या एकमेकींत मिसळतात म्हणून कुणी पायाला लाल चिंधी बांधते, कुणी पंखाला निळा रंग लावते. अंडे शेजारणीच्या माळ्यावर घातले म्हणून भांडणही होते आणि संध्याकाळपर्यंत मिटतेही.

ही झाली वस्तीतली गोष्ट. वस्तीची हद्द ओलांडली की तीच कोंबडी वेगळी होते.

गाव म्हणजे एक कुटुंब, सगळे एकमेकांच्या सुखदुःखाचे वाटेकरी, असे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्या गोडव्यांचा बुरखा फाडला, ते आपल्या वाचकांना पाठ आहे. कोंबडीच्या निमित्ताने ते रोज दिसते. पेरणी झाली, सवर्णाच्या वावरात वस्तीतल्या चार कोंबड्या शिरल्या, दाणे उकरले. वास्तविक नुकसान पसाभर बियाण्याचे. ज्याच्या स्वतःच्या कोंबड्या रोज त्याच वावरात उकरतात, त्यालाही वस्तीतली कोंबडी मात्र ओळखू येते. दगड बसतो, कोंबडीची मान मोडते. बाई जाब विचारायला गेली की पहिले वाक्य कोंबडीवर असते आणि दुसरे जातीवर. पोलीस ठाण्यात गेल्यावर लिहून काय होते? 'कोंबडीच्या कारणावरून किरकोळ वाद.' जातीवरून दिलेली शिवी कागदावर येतच नाही. १९८९ चा कायदा कपाटात राहतो आणि अदखलपात्र नोंद हातात पडते. वकिली करणाऱ्या आपल्या तरुणांना विनंती आहे, अशी 'कोंबडीची' प्रकरणे हसण्यावारी नेऊ नका. फिर्याद लिहिताना पहिले वाक्य कोंबडीचे असू द्या, पण दुसरे वाक्य जसेच्या तसे, साक्षीदारांसह लिहून घ्या.

जुन्या काळी तर वस्तीतली कोंबडी वस्तीची नव्हतीच. मामलेदार आला, फौजदार आला, जंगल खात्याचा गार्ड आला की त्याच्या ताटात पडणारी कोंबडी महारवाड्यातून नाहीतर आदिवासी पाड्यावरून उचलली जायची. पाटलाचा माणूस दारात उभा राहायचा आणि येसकरपाळी करणारा आमचाच माणूस ती पकडून द्यायचा. पैसे मागायची हिंमत कुणाला? कोंबडा आरवला तर पकडला जाईल म्हणून साहेबाचा मुक्काम असेपर्यंत बायका तो कणगीत कोंडून ठेवत, हे जुन्या माणसांच्या तोंडून ऐकले आहे. गंमत अशी की ज्या मनुस्मृतीचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, तिच्या पाचव्या अध्यायात द्विजांना गावठी कोंबडा खायला बंदी आहे; लसूण, कांदा आणि गावडुकराच्या पंगतीला तो बसवला आहे. खाल्ला तर द्विज पतित होतो म्हणे. आज तेच गावठी कोंबडे शहरातल्या हॉटेलांत 'गावरान थाळी' म्हणून चढ्या भावाने खपते आणि खाणारा कुणी पतित होत नाही. पतित राहते ती फक्त पाळणारी.

इथे आपल्यातलेच दोन आक्षेप येतात, त्यांना बगल देऊन चालणार नाही.

पहिला आक्षेप असा की बाबासाहेबांनी खेडी सोडायला सांगितले, तुम्ही लोकांना कोंबड्या पाळून खेड्यात बसायला सांगता काय? नाही. बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर जो निबंध लिहिला त्यात दाखवून दिले की शेतीचा रोग नुसत्या तुकड्याच्या आकारात नाही. शेतीवर पोट भरणाऱ्यांचा जो जादा भार आहे त्यात तो आहे, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंद्यांत आहे. त्या निबंधाला शंभराहून अधिक वर्षे झाली. सात कोंबड्या पाळून कुणाची मुक्ती होणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण जे जायचे ते पुणे-मुंबईला गेले. मागे कोण राहिले? म्हातारी आई, विधवा बहीण, ऊसतोडीहून परतलेली भावजय. आपण शहरात बसून खेडी सोडा म्हणतो आणि आपलीच आई त्या खेड्यात असते. तिला सोडा म्हणण्याआधी ती आज संध्याकाळी काय खाते, हे विचारायला नको?

दुसरा आक्षेप धम्माचा. पाणातिपाता वेरमणी घेणाऱ्याने कोंबडी कापायला कशी पाळावी? काही उपासक हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारतात आणि बावीस प्रतिज्ञांतील प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञाही पुढे करतात. त्यांचा मी अनादर करत नाही. परंतु बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार मांडताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे त्यांचे विवेचन आहे. मरीआईला, म्हसोबाला मानाचा कोंबडा देणे आपण सोडले ते योग्यच केले. भगताच्या सांगण्यावरून काळी कोंबडी ओवाळून टाकणे ही तर निव्वळ लूट आहे, आणि अजूनही ज्या घरांत ती चालते तिथे आपल्या कार्यकर्त्यांनी जाऊन बसले पाहिजे. पण अशक्त बाळंतिणीला दिलेला रस्सा आणि भगताने नेलेली कोंबडी एका तागडीत घालू नका. ज्याला मांस सोडायचे त्याने सोडावे. अंड्यासाठी तर काहीच मारावे लागत नाही.

आता शासनाकडे वळू. मागासवर्गीयांसाठी शासनाच्या कुक्कुटपालन योजना आहेत, हे खरे. एक हजार मांसल पक्ष्यांची योजना आहे, अनुसूचित जातींना पंचाहत्तर टक्के अनुदान. ऐकायला छान. पण हजार पक्ष्यांची शेड बांधायला स्वतःची जागा पाहिजे, पाणी पाहिजे, वीज पाहिजे, उरलेला पंचवीस टक्के हिस्सा आधी उभा करायला पाहिजे. भूमिहीनांसाठी काढलेल्या योजनेत पहिली अट जमिनीची! मग होते असे की लाभार्थी आपला, सही आपली, आणि शेड दुसऱ्याच्या वावरात. आणि शेड खरोखर आपली झाली तरी बहुधा करार पद्धतीच्या दारात जावे लागते. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे, उचलणार कंपनी, वजनावर मजुरी देणार कंपनी. आपले फक्त शेडचे कर्ज, विजेचे बिल आणि रात्रीची जाग. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीने कोरोना होतो अशी अफवा उठली, भाव कोसळले. तेव्हा शेडवाल्यांवर काय वेळ आली ते सर्वांनी पाहिले. दुसरी एक योजना आहे, आठ-दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा आणि तीन नर देण्याची. ही आपल्या वस्तीच्या मापाची. पण तिच्यात अनुदान पन्नास टक्के आणि बोलबाला जवळपास शून्य. देशभर परसातल्या कोंबड्या मात्र शासनाच्या कृपेवाचून वाढतच आहेत. २०१९ च्या पशुगणनेत पंच्याऐंशी कोटींच्या आसपास कोंबड्या मोजल्या गेल्या, त्यात एकतीस कोटी सत्तर लाख परसातल्या होत्या. आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सेहेचाळीस टक्क्यांनी जास्त. कुणाच्या परसातल्या, हे पशुगणना जातवार सांगत नाही.

माझ्या मते योजनेपेक्षाही मोठा प्रश्न लसीचा आहे, आणि तो कुणी बोलतच नाही. ज्याला आपण मानमोडी म्हणतो आणि डॉक्टर राणीखेत, तो रोग वस्तीत शिरला की आठवड्यात खुराडी रिकामी होतात. आज कोंबडी मान वेळावते, हिरवी हगवण होते, उद्या पाय ताणून पडते. बाई म्हणते, साथ आली. साथ येते हे खरे, पण तिच्यावर लस आहे आणि ती महाग नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात लासोटाचा एक थेंब, सहा-आठ आठवड्यांनी आरटूबीचे इंजेक्शन. अडचण कुपीची आहे. शंभर-दोनशे कोंबड्यांना पुरेल एवढी लस एका कुपीत असते. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा पाण्यात कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांची बाई शंभरांची कुपी कशी घेणार? शेडवाल्याची सोय होते, परसवालीची होत नाही. यात डॉक्टरांचा दुष्टपणा असलाच पाहिजे असे नाही. पण व्यवस्था ज्या मापाने बांधली गेली ते माप कुणाचे, हे कळायला हवे.

त्यात वेळेचा घोळ. पशुवैद्यकीय दवाखान्याचे कर्मचारी गावात येतात अकरा वाजता आणि बसतात ग्रामपंचायतीत नाहीतर एखाद्या बड्या गोठ्यात. त्या वेळी वस्तीतली कोंबडी उकिरड्यावर असते आणि बाई कामावर. कोंबडी हाती लागते ती पहाटे, खुराडे उघडण्याआधी. माझ्या माहितीतल्या एका गावात लसीकरण झाले ते फक्त वरच्या आळीत. वस्तीपर्यंत यायला वेळ उरला नाही, असे सांगण्यात आले. पुढच्या महिन्यात मानमोडी आली ती आधी वस्तीत, आणि वस्तीतून वर गेली. कारण वरच्या आळीतल्याही निम्म्या कोंबड्या त्या दिवशी सुटलेल्याच होत्या. पाणवठा वेगळा ठेवला, स्मशान वेगळे ठेवले, पण उकिरडा काही वेगळा ठेवता आला नाही. रोगजंतूला हद्द कळत नाही. एका दिवशी, एका पहाटे, सगळ्या गावाच्या कोंबड्या टोचल्या तरच टोचल्याचा उपयोग. गाव एक आहे म्हणणाऱ्यांनी एवढे तरी एकत्र करून दाखवावे.

लस घेऊन वस्तीत यायला ज्यांना वेळ नसतो, त्यांना कोंबड्या मारायला मात्र वेळ मिळतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. देशातली ती पहिली नोंद. रोग सापडला तो मोठ्या पोल्ट्री फार्मांत. परंतु ठरावीक परिघातील सगळे पक्षी मारायचे, या नियमाने आजूबाजूच्या आदिवासींच्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील गावांत घरगुती कोंबड्यांत तो आढळला आणि तिथेही तेच झाले. माणसांचा जीव वाचवायचा तर हे करावे लागते, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार भरपाईच्या हिशेबाची आहे. भरपाई पक्ष्यामागे. फार्मवाल्याचा पक्षी आणि बाईची अंड्यावर बसलेली कोंबडी, दोन्ही एकेकच. तिच्याखालची बारा अंडी, पुढच्या वर्षाची पिल्ले, शेजारणीला द्यायचा निम्मा वाटा, हे कुठल्या तक्त्यात बसवायचे? शिवाय फार्मवाल्याला विमा, बँक, संघटना. बाईला फार तर पंचनाम्याची एक प्रत, तीही मागितली तर. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांसंबंधीचा २००९ चा केंद्रीय कायदा आता आहे. त्याखालच्या भरपाईत परसातल्या कोंबडीचा दर वेगळा आणि वाजवी असावा, ही मागणी आपल्या एकाही निवेदनात मी वाचलेली नाही. माझ्या स्वतःच्या निवेदनांतही नाही.

आणि शेवटी अंडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ही कुणाची मुले असतील, ते वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, असे २३ आठवडे देण्याचा निर्णय घेतला. लगेच धार्मिक संघटनांची आरडाओरड सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये दुसरा आदेश निघाला की ज्या शाळेत चाळीस टक्क्यांहून अधिक पालकांचा विरोध असेल तिथे अंडे द्यायचे नाही. म्हणजे साठातल्या पंचवीस मुलांच्या घरी अंडे चालत नसेल तर उरलेल्या पस्तीस मुलांनीही खायचे नाही! लोकशाहीत बहुमताची नवीच व्याख्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये तर अंड्यासाठी शासनाने पैसाच थांबवला. हवे असेल तर लोकवर्गणीतून द्या म्हणाले. ज्यांच्या पोरांना अंडे हवे त्यांनीच वर्गणी काढायची.

साठ मुलांच्या शाळेला २३ आठवड्यांची अंडी लागतात १३८०. वर्षाला साठ अंडी देणाऱ्या तेवीस गावरान कोंबड्या एवढी अंडी घालतात. उबवायला ठेवायची अंडी वजा करा, आजारपण वजा करा, पस्तीस-चाळीस कोंबड्या धरा. म्हणजे वस्तीतल्या आठ-दहा घरांचे खुराडे. गावातली शाळा, गावातल्या कोंबड्या, गावातली पोरे. त्या बायकांच्या हातात रोख पैसे. कुठलाही ठेकेदार मधे न येता हे होऊ शकले असते. एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. गावरान अंड्याला तालुक्याच्या बाजारात फार्मच्या अंड्यापेक्षा बराच जास्त भाव मिळतो, त्यामुळे शाळेने फार्मच्या दराने मागितले तर बाई देणार नाही, आणि तिने का द्यावे? म्हणून मागताना नुसते 'अंडे द्या' असे न मागता वस्तीतल्या बचत गटाकडून वाजवी भावाने घ्या, असे मागितले पाहिजे.

त्या आजींच्या घरकुलाच्या हप्त्याचे काम झाले. खुराड्याचे झाले नाही. पंचायतीच्या मागे समाजमंदिराला लागून चार-पाच गुंठे पडीक जागा आहे. तिथे वस्तीच्या कोंबड्यांसाठी सामाईक खुराडी बांधता येतील, असे आमच्यातल्या एका मुलाने सुचवले. सरपंचाने "बघू" म्हटले आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्यायचे ठरले आहे. सोबत दुसरा अर्ज पशुवैद्यकीय दवाखान्याला: मानमोडीच्या लसीची कुपी वस्तीत कोणत्या तारखेला येणार, आणि पहाटे किती वाजता?